आधी तिकीट, मग पास

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकांनी सल्ला दिला आहे की, मुलांकडे कॅलिफोर्नियाला सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी इथून निघण्यापूर्वीच डिस्नेलँडचा वार्षिक पास ऑनलाइन घेऊन टाकावा, दोन-तीन फेऱ्यांत पैसे वसूल होतात. मी एसटीच्या आगारात पासाच्या खिडकीमागे बसून निवृत्त झालो. मुलगा आणि सूनबाई अर्वाइनला राहतात, तिथून डिस्नेलँड गाडीने अर्ध्या तासाच्या आत. त्यामुळे पास या विषयातले मला दोन्हीकडचे थोडेफार कळते. तो सल्ला मानून कुणी पैसे भरण्याआधी माझे पत्र छापावे, ही विनंती.

एसटीच्या मासिक पासाचा हिशेब कुणालाही तोंडी करता येतो. वीस दिवसांचे भाडे भरायचे आणि तीस दिवस फिरायचे. डिस्नेलँडचे तसे नाही. कमीत कमी गर्दीच्या दिवशीचे एका दिवसाचे तिकीट १०४ डॉलर, ऐन सुट्टीत तेच दोनशेच्या वर. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे 'मॅजिक की' या नावाने नवे वार्षिक पास आले, तेव्हा सर्वांत वरचा १,३९९ डॉलरला होता, त्याखालचे ९४९ आणि ६४९, आणि सर्वांत स्वस्त ३९९. २०२४ च्या अखेरीस वरचा पास १,७४९ डॉलरवर गेला. १,७४९ ला १०४ ने भागून पाहा. स्वस्तातल्या दिवशी गेलात तर सोळा फेऱ्यांनंतरही पैसे फिटलेले नसतात. शिवाय तीन किंवा पाच दिवसांचे तिकीट काढले की दर दिवसाचा खर्च आणखी उतरतो, म्हणजे पास परवडायला फेऱ्या अजून वाढवाव्या लागतात. दोन-तीन फेऱ्यांत वसुली कुठून आली? पत्रलेखकांनी बहुधा सर्वांत स्वस्त पासाची किंमत पाहिली असावी. तो फक्त दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना मिळतो आणि त्यासाठी तिथल्या पत्त्याचे ओळखपत्र दाखवावे लागते. आपल्या पासपोर्टावर नाशिकचा पत्ता.

दुसरी गोष्ट ऋतूची. आपली मंडळी थंडी टाळून एप्रिल-मेमध्ये जातात आणि दिवाळीच्या आत परततात. म्हणजे तिथल्या शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी आपल्या मुक्कामात येते, आणि खालच्या पासांना जून-जुलैतले कित्येक दिवस बंदच असतात. कोणत्या पासाला कोणते दिवस बंद, याचे कॅलेंडर कंपनी स्वतःच दाखवते. किमतीआधी ते पाहावे.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे ते. डिस्नेलँडचे साधे तिकीट नंतर पासात बदलून घेता येते. तिकिटाला दिलेले पैसे पासाच्या किमतीतून वजा होतात, उरलेला फरक भरायचा. यातला एखादा दिवस तुम्ही फिरून वापरून टाकलेला असला तरी त्याचे पैसेही धरले जातात. मला हे आधी खरेच वाटेना. कालची वापरलेली तिकिटे घेऊन कुणी माझ्या खिडकीवर आले असते आणि 'साहेब, पासातून एवढे वजा करा' म्हणाले असते, तर मागची सगळी रांग हसली असती. पण तिथे तसा नियमच आहे, आणि आपल्यासारख्या पाहुण्यांच्या तो फार सोयीचा आहे. आधी तीन दिवसांचे तिकीट घ्यावे. पहिल्यांदा आत गेल्यापासून तेरा दिवसांत ते वापरायचे असते. दोन दिवस फिरून बघावे. गुडघे काय म्हणतात, ऊन किती लागते, नातवंडांना पुन्हा यायचे आहे की त्यांना तलावच बरा वाटतो, हे सगळे त्यात कळते. मग तिसऱ्या दिवशी ठरवावे. डिस्नेलँड आणि कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर ही दोन उद्याने समोरासमोर आहेत, मधल्या चौकात तिकिटाच्या खिडक्या आहेत, तिथे काम होते.

मात्र हे तिकिटाचा शेवटचा दिवस संपायच्या आत झाले पाहिजे. रात्री दमून घरी आलो, झोपलो आणि सकाळी चहा घेताना 'घेऊच या पास' असे ठरले, तर तिकीट संपलेले असते आणि पूर्ण किंमत मोजावी लागते. आणखी एक पाहायचे, ते म्हणजे पासांची विक्री त्या वेळी चालू आहे ना. ती मधेच थांबवतात. २०२१ च्या शरदात वरचे दोन्ही पास विकायचे बंद झाले होते. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये तर नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२३ पर्यंत बाहेरच्या माणसाला नवा पास मिळतच नव्हता. सवलतीत किंवा कुणाकडून मिळालेल्या तिकिटाचे किती पैसे धरतील, हेही खिडकीवर आधी विचारून घ्यावे.

आमच्या घरात सूनबाई आणि नात यांची तिकिटे पासात बदलली, आम्हा दोघांची नाही. त्या तिथल्याच रहिवासी, त्यांना मासिक हप्ते मिळतात (ही सोय कॅलिफोर्नियाबाहेरच्यांना नाही), आणि शाळा सुटल्यावर दोन तास जाऊन येणे त्यांना जमते. सौभाग्यवतींना आतली सावलीतली बाके आवडली, पण तेवढ्यासाठी पास काढायला त्या तयार नव्हत्या.

पास हातात आला म्हणजे मनात येईल तेव्हा जाता येते, असाही त्या पत्राचा सूर आहे. तसे नाही. पासवाल्यालाही दिवस आधी राखून ठेवावा लागतो. नवे पास आले तेव्हाच्या नियमाप्रमाणे, राखून ठेवून नव्वद दिवसांत तीनदा गैरहजर राहिलात, तर पुढे तीस दिवस नवा दिवस राखता येत नाही. एसटीत पासवाला आला नाही तर कंडक्टरला बरेच वाटते! २०२१ च्या त्या १,३९९ डॉलरच्या पासाची जाहिरात 'एकही दिवस बंद नाही' अशी होती. लोकांनी घेतला, आणि नोव्हेंबरातले शनिवार-रविवार मागू लागले तर पासवाल्यांची जागा भरलेली. त्याच दिवसांची सुटी तिकिटे मात्र विक्रीला होती. एका पासधारक बाईंनी त्या वर्षाच्या अखेरीस दावा लावला. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण २०२३ मध्ये ९५ लाख डॉलरवर तडजोड केली. पासधारक सुमारे १ लाख ३ हजार, वकिलांचे वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ६७ डॉलर आले. त्या जागी पुढे जो पास आणला, त्याला नाताळच्या आसपासचे दिवस बंद ठेवले आणि किंमत १,५९९ केली.

वयाचेही सांगून टाकतो, कारण ज्येष्ठ नागरिक सवलतीबद्दल मला नेहमी विचारले जाते. एसटीत पासष्टनंतर अर्धे तिकीट आणि २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर मोफत. डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखालचे मूल फुकट, तीन ते नऊ थोडे स्वस्त, आणि दहाव्या वर्षापासून पुढे सगळे एकाच वयाचे. पासात तर मुलांचा वेगळा दरही नाही, चार वर्षांच्या नातवाला आणि आजोबांना किंमत सारखीच.

शेवटी त्या पत्रातले एक वाक्य, जे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. 'आपण भारतात परतल्यावर उरलेले सहा महिने तोच पास व्याह्यांना वापरता येतो.' दर जूनमध्ये थोरल्या भावाचा पास घेऊन धाकटा कॉलेजला निघालेला मी पाहिला आहे, त्यामुळे कल्पना नवी नाही. पण डिस्नेलँडच्या दारावर पास पहिल्यांदा वापरताना फोटो काढतात, आणि पुढे प्रत्येक वेळी तो फोटो तिथल्या माणसाला दिसतो. पास ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा. व्याही आणि विहीणबाईंना वेगळे तिकीट काढावे लागेल.

आपला,
एक निवृत्त पास लिपिक, एसटी
नाशिक