आरोग्यातील विषमतेवर संशोधन करू पाहणाऱ्या लेकीस

चिरंजीव लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा संशोधनाचा आराखडा, दोन्ही सावकाश वाचले. विद्यापीठात पीएचडी करावी की धोरण आखणाऱ्या कार्यालयात संशोधन अधिकारी म्हणून रुजू व्हावे, असा तुझा प्रश्न आहे, आणि आराखड्यावर माझे मतही तू मागितले आहेस. आराखड्याविषयी आधी लिहिते, कारण कोणती वाट धरावी हे बऱ्याच अंशी तू कोणता प्रश्न हाती घेतेस यावर ठरेल.

तुझ्या आराखड्याचा मोठा भाग गरीब आणि श्रीमंत कुटुंबांतील बालमृत्यूंच्या प्रमाणात किती अंतर आहे हे दाखवण्यात खर्ची पडणार आहे. ते काम तू नेटकेपणाने करशील याविषयी मला शंका नाही. परंतु असे अंतर असते, हे जगाला सुमारे दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. लुई-रेने व्हिलेर्मे या फ्रेंच डॉक्टरने १८२० च्या दशकात पॅरिसच्या वेगवेगळ्या विभागांतील मृत्युदर ताडून पाहिले, तेव्हा नदीची जवळीक, जमिनीची उंची किंवा वस्तीची दाटी यांच्याशी त्यांचा मेळ बसेना. तो बसला रहिवाशांच्या सांपत्तिक स्थितीशी. १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ फिर्खो या तरुण डॉक्टरला अप्पर सायलेशिया या प्रांतातील टायफस तापाच्या साथीची पाहणी करायला पाठवले. त्याने परत येऊन जो अहवाल दिला त्यात औषधोपचारांपेक्षा शिक्षण, स्वातंत्र्य, लोकशाही आणि गरिबांवरील करांचा भार हलका करणे यांवर भर होता. त्याच्या राजकीय भूमिकेमुळे पुढच्याच वर्षी त्याला बर्लिनच्या रुग्णालयातील पद सोडावे लागले. तेव्हा गरिबी माणसाचे आयुष्य कमी करते, एवढेच सिद्ध करण्यासाठी तुझी चार वर्षे जावीत असे मला वाटत नाही.

अंतर मोजणाऱ्या संशोधनाने नवे काहीच दिले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा १९६७ मध्ये सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यास आठव. त्यातील सुमारे अठरा हजार पुरुषांपैकी कोणीही बेकार नव्हता, कोणी उपाशी नव्हता, आणि सरकारी आरोग्यसेवा सर्वांना सारखीच खुली होती. तरीही हुद्द्याची प्रत्येक पायरी खाली उतरताना हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढत गेले आणि सर्वांत खालच्या श्रेणीत ते सर्वांत वरच्या श्रेणीच्या जवळजवळ तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे हिशेबात धरूनही या फरकाचा एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग उलगडला नाही. विषमतेचा प्रश्न केवळ तळाच्या गरिबांचा नसून संपूर्ण सामाजिक उतरंडीचा आहे, ही जाणीव या अभ्यासाने पक्की केली, आणि तिचे धोरणावर होणारे परिणाम मोठे आहेत. फक्त सर्वांत गरीब दहा टक्क्यांना वेचून योजना दिली तर उतरंडीचा उरलेला सगळा उतार तसाच राहतो. मायकेल मार्मट यांच्या इंग्लंडमधील आरोग्यविषमतेवरील २०१० च्या अहवालाने म्हणूनच असा आग्रह धरला की उपाय सर्वांसाठी असावेत, पण त्यांची तीव्रता गरजेच्या प्रमाणात वाढत जावी. तुझ्या मोजणीतून अशा तोडीचे काही हाती येणार असेल तर ती जरूर कर.

माझी सगळी नोकरी नियोजन विभागात गेली हे तू जाणतेसच. त्या टेबलावर विषमतेचा अहवाल येतो तेव्हा कोणी तो नाकारत नाही; आकडे पाहून सगळे हळहळतात. त्यानंतर सचिव जो प्रश्न विचारतात तो साधा असतो: यंदाच्या अंदाजपत्रकातून, कोणत्या खात्यामार्फत, नेमके काय करायचे? येथे संशोधन बहुतेक वेळा गप्प असते. विषमतेची कारणे मजुरीत, घरांत, शाळांत आणि कामाच्या ठिकाणी असतात. या गोष्टी आरोग्य खात्याच्या अखत्यारीत नसतात, आणि ज्या खात्यांच्या अखत्यारीत असतात त्यांच्या कामगिरीचा हिशेब मृत्युदरावर होत नाही. मग होते असे की प्रस्तावनेत उत्पन्न, निवारा, शिक्षण यांचा सविस्तर उल्लेख असलेला कार्यक्रम प्रत्यक्षात उतरेपर्यंत पोषणावरची पत्रके, व्यायामाचे आवाहन आणि व्यसनमुक्तीची शिबिरे एवढाच उरतो. हे कोणी ठरवून करत नाही. आरोग्य खात्याच्या हातात जे असते तेवढेच ते करते, आणि माणसांच्या वागणुकीला उपदेश करणे नेहमीच त्याच्या हातात असते. अशी घसरण मी पुनःपुन्हा पाहिली आहे आणि तिच्याविषयी मला आजही तीव्र खेद वाटतो, कारण उपदेशाचा लाभ ज्यांच्याकडे वेळ, पैसा आणि शिक्षण आहे त्यांनाच आधी होतो, आणि अंतर उलट वाढते.

आरोग्यातील विषमतेची पाहणी करणाऱ्या ब्रिटनमधील ब्लॅक समितीचा इतिहास तू पाठ्यपुस्तकात वाचला असशील. तो पुन्हा एकदा कारकिर्दीच्या दृष्टीने वाच. १९७७ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने ही समिती नेमली, अहवाल तयार होईपर्यंत हुजूर पक्षाचे सरकार आले, आणि ऑगस्ट १९८० मध्ये सार्वजनिक सुट्टीच्या तोंडावर त्याच्या केवळ २६० प्रती काढण्यात आल्या. मंत्र्यांच्या प्रस्तावनेतच शिफारशींचा खर्च परवडणारा नसल्याचे सांगून टाकले होते. अहवाल दडपण्याच्या या प्रयत्नामुळेच त्याचा बोलबाला झाला, हे खरे. पण सरकारने या प्रश्नाकडे पुन्हा अधिकृतपणे वळून पाहायला १९९७ चे सत्तांतर यावे लागले आणि अ‍ॅचेसन चौकशीचा याच विषयावरील अहवाल १९९८ मध्ये आला. मधल्या काळात ज्या संशोधकांनी आकडे गोळा करणे, निबंध लिहिणे आणि विद्यार्थी घडवणे सोडले नाही, त्यांच्यामुळेच त्या वर्षी टेबलावर ठेवायला काही तयार होते. तीन वर्षांच्या अनुदानावर आणि वर्षावर्षाच्या कंत्राटावर चालणाऱ्या आजच्या संशोधन व्यवस्थेत इतका दीर्घ धीर धरणे किती कठीण आहे, याचा विचार तू आत्ताच केलेला बरा.

त्यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. इंग्लंडने त्यानंतर आरोग्यातील अंतर २०१० पर्यंत दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले, वंचित भागांकडे अधिक निधी वळवला, लहान मुलांसाठी केंद्रे काढली, किमान वेतन लागू केले. मुदत संपत आली तेव्हा उद्दिष्ट हुकल्याचा निष्कर्ष निघाला आणि धोरण अयशस्वी ठरले असे सर्वत्र मानले गेले. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाने अनेक वर्षांचे आयुर्मानाचे आकडे तपासले, तेव्हा दिसले की धोरणाआधी वाढत असलेले अंतर धोरणाच्या काळात कमी होऊ लागले होते आणि धोरण संपल्यावर पुन्हा वाढू लागले. हे उत्तर सात वर्षे आधी हाती असते तर निर्णय वेगळे झाले असते, असे मी खात्रीने सांगू शकत नाही. पण ज्या मंडळींना ते धोरण वाचवायचे होते त्यांच्या हाती त्या वेळी काहीच नव्हते, हे नक्की. तुझ्यासारख्या मुलीने जे काम करावे असे मला वाटते, ते नेमके हे आहे: एखादे धोरण अंतर कमी करते की वाढवते, हे वेळेत आणि विश्वासार्ह रीतीने सांगणे.

असे काम चांगल्या रीतीने कसे होते याचे एक उदाहरण स्कॉटलंडचे आहे. मद्याच्या प्रत्येक एककाला (म्हणजे त्यातील शुद्ध अल्कोहोलच्या ठरावीक मापाला) किमान किंमत ठरवून देणारा कायदा तेथील संसदेने २०१२ मध्ये केला. व्हिस्की उद्योगाने त्याला न्यायालयात आव्हान दिले, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मे २०१८ मध्ये ५० पेन्स या दराने अंमलबजावणी सुरू झाली. कायद्यातच दोन तरतुदी होत्या: पाच वर्षांनी मूल्यमापन सादर करायचे, आणि संसदेने पुन्हा मान्यता न दिल्यास सहा वर्षांनी कायदा आपोआप संपणार. त्यामुळे संशोधकांना पहिल्या दिवसापासून जागा होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्लंडशी तुलना करून असा अंदाज निघाला की पूर्णपणे मद्यामुळे होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी घटले, आणि ही घट सर्वाधिक वंचित वस्त्यांत सर्वांत मोठी होती. त्याच मूल्यमापनात हेही नोंदवले गेले की ज्यांना मद्याचे तीव्र व्यसन होते त्यांच्यातील काहींवर पैशांचा ताण वाढला. संसदेने कायदा कायम ठेवला आणि सप्टेंबर २०२४ पासून दर ६५ पेन्स केला. लोकांना उपदेश न करता बाजारातील किंमत बदलणारा उपाय, तुलनेसाठी शेजारचा प्रदेश, फायद्याबरोबर तोट्याचीही नोंद, आणि निर्णयाच्या तारखेआधी हाती आलेले उत्तर, हे सगळे येथे जुळून आले. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब कुटुंबांना सशर्त (मुलांना शाळेत पाठवणे, आरोग्य तपासणी करून घेणे अशा अटींवर) रोख मदत देताना काही गावांत योजना आधी आणि काही गावांत नंतर सुरू करून तुलनेची सोय ठेवली होती. २००० मध्ये सत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेल्यावरही नाव बदलून ती योजना टिकली, त्यात या पुराव्याचा वाटा होता.

आता तुझ्या आराखड्यातील तिसऱ्या प्रकरणाकडे वळते. तेथे तू विषमता केवळ गुणोत्तराने मोजणार आहेस. समज, गरीब गटात हजारी ४० बालके दगावतात आणि श्रीमंत गटात २०. काही वर्षांनी ही संख्या अनुक्रमे २० आणि ८ झाली. दोन गटांतील फरक २० वरून १२ वर आला, म्हणजे विषमता घटली. गुणोत्तर मात्र दुपटीवरून अडीचपट झाले, म्हणजे विषमता वाढली. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचे तेवढेच वाचून दाखवील. तू दोन्ही मापे दिली पाहिजेस आणि कोणत्या मापाला तू अधिक वजन देतेस व का, हे मोजणीच्या आधी लिहून ठेवले पाहिजेस. शिवाय ब्राझीलचे साथरोगतज्ज्ञ सेझार व्हिक्टोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, नवी लस किंवा नवा उपचार आधी सुस्थितीतल्या कुटुंबांपर्यंत पोहोचतो, त्यामुळे अंतर सुरुवातीला रुंदावते आणि गरिबांपर्यंत तो पोहोचू लागल्यावरच आकसते. चुकीच्या वर्षी मोजमाप केलेस तर चांगली योजनाही विषमता वाढवणारी दिसेल. या एका मुद्द्यासाठी तुझ्या अभ्यासाचा कालावधी बदलावा लागला तरी तो बदल.

कारकिर्दीच्या गणिताविषयी थोडक्यात लिहिते. धोरणांचे मूल्यमापन करणारा निबंध तयार व्हायला अधिक वर्षे लागतात, त्यात दहा संस्थांकडून आकडे मागावे लागतात, ‘परिणाम दिसला नाही’ असे उत्तर आले तर तो छापायला नियतकालिके नाखूश असतात, आणि नेमणूक करणाऱ्या समित्या तरीही निबंधांची संख्या मोजतात. अनुदान देणारी संस्था अनेकदा सरकारचीच असते, आणि मग कर किंवा मजुरी यांच्याविषयीचा प्रश्न मागे ठेवून सुरक्षित प्रश्न पुढे करण्याचा मोह होतो. तो मोह कोणी सांगून होत नाही. अर्ज लिहिताना शब्द निवडता निवडता तो शिरतो. यावर माझ्याजवळ एकच व्यावहारिक उपाय आहे: सांख्यिकी आणि कार्यकारणभावाच्या पद्धती इतक्या पक्क्या शिक की एका विषयाचे अनुदान बंद झाले तरी तुझे काम बंद पडू नये. समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र वाचणाऱ्यांच्या संगतीत राहा. केवळ वैद्यकाच्या विभागात बसून हा विषय कळत नाही. आणि ज्यांच्या आयुष्यांचे आकडे तू वापरणार आहेस त्यांच्याशी बोलल्याशिवाय प्रश्नावली पक्की करू नकोस, कारण योजनेचा लाभ का पोहोचला नाही हे त्यांना आधीपासून माहीत असते.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की आधी पीएचडी कर. कार्यालयात लगेच गेलीस तर वर्षभरातच टिप्पण्या लिहिण्यात गुंतून जाशील, आणि पद्धती शिकण्याची सवड पुन्हा मिळणार नाही. पण विषय बदल. येत्या दोन वर्षांत लागू होणारे, आरोग्य खात्याबाहेरचे एखादे धोरण निवड, मग ते घरभाड्याचे असो, किमान वेतनाचे असो किंवा शाळेतील जेवणाचे. ते लागू होण्याआधीची स्थिती आत्ताच नोंदवायला लाग, आणि त्या खात्यातील अधिकाऱ्यांना पहिल्याच वर्षी भेट. पदवी मिळाल्यावर कार्यालयात जावेसे वाटले तर अवश्य जा. तेव्हा तुला तेथे काय मागायचे आणि काय नाकारायचे हे ठाऊक असेल.

बालमृत्यूंवरचे तुझे जमवलेले साहित्य टाकून देऊ नकोस, ते पहिल्या प्रकरणात पार्श्वभूमी म्हणून बसेल. तिसरे प्रकरण आणि धोरणाची निवड एवढे नव्याने लिहून मार्गदर्शकांना दाखवण्याआधी मला पाठव. निवड करताना दोन-तीन धोरणांत अडलीस तर त्या सगळ्यांची टिपणे पाठव. कोणत्या खात्याकडून आकडे मिळणे शक्य आहे हे मी तुला सांगू शकेन.

तुझी,
आई