पूर ओसरला, शाळा बाकी आहे

सीनाकाठच्या पूरग्रस्तांसाठी शहरातून जाणाऱ्या मदतीची बातमी वाचली. सोलापूरकरांनी हात आखडता घेतला नाही, याचा अभिमान वाटतो. पण मुलांच्या शाळेचा विचार या मदतीत फार कमी दिसतो. परवा माढा तालुक्यातल्या एका गावात गेले होते. समाजमंदिरात जुन्या कपड्यांचा ढीग, त्यात जरीच्या साड्यासुद्धा! (देताना एवढे तरी पाहावे.) बाहेर सातवीतली एक मुलगी चिखलाने चिकटलेली गणिताच्या पुस्तकाची पाने एकेक करून सोडवत होती, पत्र्यावर वाळत घालत होती. तिचे दप्तर वाहून गेले होते.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. ते काम आठ-पंधरा दिवसांचे नव्हते, वर्षानुवर्षांचे होते. सोलापुरात गणेशोत्सव आणि जयंती मंडळांची काही कमी नाही. एकेका मंडळाने एकेक गाव निवडावे, तिथल्या शिक्षकांकडून यादी घ्यावी आणि त्या मुलांचा दहावीपर्यंतचा वह्या-पुस्तकांचा खर्च उचलावा. सुरुवात दिवाळीची सुट्टी संपण्याआधी व्हावी.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर