पाळणाघरात लंगोटाला जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरी करणाऱ्या आयांच्या अडचणींवर आपल्या दैनिकात अलीकडेच पानभर मजकूर आला होता. पाळणाघराची फी, वेळा, सुरक्षितता हे सगळं त्यात होतं. राहून गेलेली एक गोष्ट मी लिहिते. माझ्याकडे बाळंतविडा शिवून घ्यायला येणाऱ्या मुली झबली, टोपडी, दुपटी, कुंची हौसेने सांगतात, पण लंगोटाचं नाव काढलं की थांबतात. जुनाट वाटतं म्हणून नव्हे. "काकू, पाळणाघरात लंगोट चालत नाही. डायपरचं पाकीट घेऊन या म्हणतात," असं मला एकीने नाही, कितीतरी जणींनी सांगितलं आहे. घरात कापड आणि पाळणाघरात डायपर असं दोन्हीकडे सांभाळण्यापेक्षा त्या सरळ डायपरच घेतात.

मी इचलकरंजीत राहते आणि शिवणकाम करते. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावाचं पोट कापडावर आहे. आमच्या घरातही माग, सायझिंग म्हणजे सुताला खळ लावणं, कांड्या याच गोष्टी ऐकत पोरं मोठी झाली. ज्या गावात अंगाला लागणारं सुती कापड लाखो मीटर निघतं, त्या गावातल्या तान्ह्या बाळाच्या ढुंगणाला चोवीस तास प्लॅस्टिक असावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डायपर वापरणाऱ्या आईला बोल लावायला मी हे पत्र लिहीत नाही. जुन्या बायका सुनांना म्हणतात, "आम्ही नाही का धुतले?" धुतले, पण तेव्हा घरात सासू, जाऊ, नणंद असं दहा हातांचं मनुष्यबळ होतं, आणि त्यातही बाळंतिणीचं सव्वा महिन्याचं धुणं कोणीतरी दुसरीच बाई मुकाट धुवत होती. आता दोन खोल्यांचं घर, नवरा-बायको दोघं कामावर, आणि सव्वीस आठवड्यांची रजा संपली की बाळ पाळणाघरात. असंघटित कामात असलेल्या बाईला तर तेवढी रजाही नाही. तिने रात्री अकरा वाजता लंगोट घासत बसावं असं मी कोणत्या तोंडाने सांगू? लंगोट परत आणायचे असतील तर ते धुण्याचं काम बाळाच्या बापानेही करायला हवं. माझ्या जावयाने केलं. सकाळी कामावर जायच्या आधी बादलीतले लंगोट पिळून दोरीवर टाकणं हे त्याचं काम होतं आणि त्याबद्दल घरात कोणी त्याचं कौतुकही केलं नाही, टोमणेही मारले नाहीत. काम होतं, तो करत होता.

रात्री आणि प्रवासात डायपर, दिवसा घरी लंगोट, असं बहुतेक घरांना जमण्यासारखं आहे. नुसतं एवढं झालं तरी महिन्याच्या डायपरच्या खर्चातला मोठा भाग वाचतो, आणि कचऱ्यातलाही.

त्या कचऱ्याबद्दल लिहायलाच हवं. आमच्या गल्लीत घंटागाडी येते. गाडीवरची बाई ओला आणि सुका कचरा हाताने वेगळा करते. काळ्या पिशवीला गाठ मारलेली असते, आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून ती गाठ सोडते आणि आतून दोन दिवसांचे भिजलेले, फुगलेले डायपर निघतात. वास असा की शेजारी उभं राहवत नाही. ती मात्र पदर नाकाला लावून पुढची पिशवी उघडते. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली आहे. वापरलेले डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेचणाऱ्या बाईला न उघडता कळतं. किती साधी गोष्ट, पण आपल्या गावात अजून दहा घरंसुद्धा हे करत नसतील. २०१६ च्या घनकचरा नियमांतही डायपरच्या पाकिटाबरोबर टाकून देण्यासाठी वेगळी पिशवी किंवा वेष्टन कंपनीने द्यावं असं लिहिलं होतं. माझ्या मुलीने नातवासाठी आणलेल्या पाकिटात मी शोधलं, मला काही मिळालं नाही.

बऱ्याच खेड्यांत तर घंटागाडीच नसते. तिथे डायपर ओढ्यात जातो, नाहीतर उकिरड्यावर. माझ्या माहेरी, शिरोळ तालुक्यात, उकिरड्याचं खत शेतात पडलं की वाफ्यात प्लॅस्टिकचे पांढरे तुकडे दिसतात. पाऊस झाला की त्यांच्याजवळ साबुदाण्यासारखे पारदर्शक दाणे फुगलेले असतात. डायपरच्या आत मूत धरून ठेवणारी जी पूड असते, तिचेच हे दाणे. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ती धरते, म्हणून तर बाळ कोरडं राहतं. पण तिची जागा शेतात नाही. जाळून टाकावं म्हटलं तर प्लॅस्टिकचा धूर घराघरांत शिरतो.

"आणि धुवायला पाणी लागत नाही का?" हा प्रश्न मला हमखास विचारतात आणि तो योग्य आहे. आमच्या गावात पाणी जपून वापरावं लागतं हे इचलकरंजीकराला सांगायला नको. माझी पद्धत सांगते. शी असेल तर लंगोट आधी संडासात झटकायचा आणि लगेच थंड पाण्याने खळबळायचा. गरम पाणी आधी घातलं तर डाग बसतो. मग दिवसभराचे सगळे एका झाकणाच्या बादलीत आणि दुसऱ्या दिवशी एकदम धुणं. एकेक करून धुतलं तर पाणी दुप्पट जातं. शेवटच्या खळबळीचं पाणी टाकायचं नाही, ते संडासात ओतायला ठेवायचं. साबण थोडाच लावायचा, पण तो पूर्ण निघाला पाहिजे, कारण राहिलेल्या साबणानेही मांड्या लाल होतात. कपड्यांना मऊपणा आणणारं सुगंधी द्रावण लंगोटाला अजिबात नको. त्याने कापडावर थर बसतो आणि ते पाणी शोषेनासं होतं. जंतुनाशकाची बाटलीही रोज ओतायची गरज नाही, कडक ऊन पुरतं.

माझी भाची इंग्लंडमध्ये राहते. तिकडच्या काही नगरपालिका कापडी नॅपी घेणाऱ्या आईबापांना त्यासाठी पैशांची कुपनं देतात. तिनेच मला तिथल्या सरकारी अभ्यासाबद्दल सांगितलं. २००८ सालच्या त्या अभ्यासात असं निघालं की तिथल्या सरासरी पद्धतीने धुतल्या-वाळवल्या तर कापडी नॅपींचा हवामानावरचा भार साधारण डायपरइतकाच पडतो, आणि सगळ्या यंत्रात वाळवल्या किंवा फार गरम पाण्यात धुतल्या तर त्याहून जास्त. पण दोरीवर वाळवल्या, यंत्र भरून एकदम धुतल्या आणि दुसऱ्या बाळालाही त्याच वापरल्या, तर तोच भार सरासरीपेक्षा ४० टक्क्यांनी कमी होतो. आपल्याकडे दोरी, ऊन आणि थोरल्याचं धाकट्याला घालणं हे तिन्ही घरोघर आहेच. फक्त पावसाळ्याचे तीन महिने अवघड जातात. पूर्वी शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट सुकवत, आता पंख्याखाली सुकवावे लागतात. म्हणूनच लंगोट कसा शिवलाय याला महत्त्व आहे.

बाजारात तयार मिळणारे बरेच लंगोट वाईट शिवलेले असतात. नायलॉनची नाडी, कडेला टोचणारी शिवण, आणि कापड असं की पाणी वरून घरंगळतं. आई दोन दिवस वापरते, बाळाच्या कमरेला वळ उठतात, आणि लंगोटाचं नाव खराब होतं.

चांगला लंगोट मलमलीचा. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात सायझिंगची खळ असते, ती जाईपर्यंत कापड पाणी पीत नाही. म्हणून कापड आधी रात्रभर भिजवून, धुऊन, आटवून घ्यायचं आणि मगच कात्री लावायची. ३६ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, एका मीटरमध्ये साधारण १७-१८ इंचांचे चार चौकोन बसतात, म्हणजे चार लंगोट. राहिलेल्या पट्टीत बांधायचे बंद निघतात. चौकोन तिरका दुमडला की दुहेरी त्रिकोण होतो. उघड्या बाजू थोडी जागा सोडून शिवायच्या आणि तिथून तो उलटवायचा, म्हणजे शिवण आत जाते आणि मांडीला काचत नाही. लांब बाजूच्या दोन टोकांना बंद, तिसऱ्या टोकाला बंद ओवायला छोटं घर. बंद त्याच कापडाचे, चपटे, आणि तिरक्यात न कापलेले. तिरक्यात कापले तर ताणले जातात, सैल होतात, मग आई घट्ट गाठ मारते. बांधल्यावर कमरेत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. नाळ पडेपर्यंत बेंबीच्या खाली बांधायचा.

शोषणारी घडी मात्र लंगोटात शिवून टाकायची नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगते. जुन्या होजिअरी बनियनचे चार पदर घ्या, ५ इंच रुंद, १२ इंच लांब, कडेने शिवा, आणि ती घडी लंगोटात नुसती ठेवा. वेगळी असली की वेगळी वाळते. जाड पदर लंगोटालाच शिवले की पावसाळ्यात मधला भाग दोन दिवस ओला राहतो आणि कुबट वास धरतो. आजीच्या मऊ झालेल्या पातळाचं कापड मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही, फक्त त्यावर जरीचं काम किंवा छपाईचा जाड रंग नसावा. नवजात बाळाला दोन डझन लंगोट लागतात, पावसाळ्यात तीन.

वर गळू नये म्हणून बटणांचे, रबरी अस्तराचे कापडी डायपर हल्ली मिळतात. तेही चांगले आहेत, पाळणाघराला सोयीचे आहेत. किंमत मात्र सगळ्यांना परवडणारी नाही, आणि यंत्रमागावर किंवा गारमेंटमध्ये रोजंदारी करणाऱ्या बाईने ते घ्यावेत असं मी म्हणणार नाही. लंगोटावरून चढवायची पातळ जलरोधक कापडाची चड्डी मी शिवून देते. एका बाळाला अशा चार पुरतात.

पाळणाघर चालवणाऱ्या ताईंची बाजू मला कळते. पंधरा पोरं, दोन मदतनीस, लंगोट धुवायला कोण बसणार? पण धुवायला त्यांना कोण सांगतंय? बाळाच्या नावाची एक कोरड्या लंगोटांची पिशवी आणि एक गळत नाही अशी ओली पिशवी आईने द्यावी. मदतनिसाने बदलावं, शी संडासात टाकावी, लंगोट ओल्या पिशवीत टाकून चेन लावावी. संध्याकाळी आई ती पिशवी घरी नेईल. डायपर बदलायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा फार तर मिनिटभर जास्त. लंगोट वारंवार बदलावा लागतो हे खरं आहे. पण भिजलेलं लगेच कळतं म्हणून बाळ तासन्‌तास त्यात राहत नाही, आणि नॅपी रॅश येतो तो ओल तशीच अंगाला राहिल्याने, मग वर डायपर असो की लंगोट.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायला सांगितलं. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघरं येत आहेत. ही पाळणाघरं सुरू होतानाच नियमावलीत एक ओळ घालावी, की पालकांनी कापडी लंगोट दिले तर ते नाकारता येणार नाहीत. तसंच सरकारी दवाखान्यात पहिल्या बाळंतपणाला येणाऱ्या आईला राज्य सरकारने २०१९ पासून बेबी केअर किट द्यायची योजना आणली. त्या संचात प्रत्येक जिल्ह्यातल्या महिला बचत गटांनी शिवलेले सुती लंगोट आणि घड्या घालाव्यात. कापड इचलकरंजीचं, मालेगावचं, भिवंडीचं घ्या, शिवणारे हात गावोगाव आहेत. बाईला घरबसल्या मजुरी मिळेल आणि नव्या आईला पहिल्या दिवसापासून चांगला शिवलेला लंगोट हातात पडेल. ती पुढे डायपर घेईल की लंगोट, ते तिने ठरवावं. आज तिच्यापुढे निवड करायला दोन वस्तूच नाहीत.

आमच्या भागातला कोणताही बचत गट हे काम घ्यायला तयार असेल तर लंगोटाचे तीन मापांचे कागदी साचे मी कापून देईन आणि दोन दुपारी बसून शिवायला शिकवीन. त्याचे पैसे मी घेणार नाही. शिलाई मशीन ज्यांच्याकडे नसेल त्यांनी माझ्याकडे येऊन शिवावं.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
इचलकरंजी