बाबा, धावताना पोट दुखलं तर

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न.

बाबा, पळायला लागलं की पोटात दुखतं म्हणून पळणं बंदच करावं, असं तुमच्या मनात आलंय. एवढ्यावरून बंद करू नका, आणि दुखत असताना दामटून पळूही नका. धावताना पोटात दुखण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. प्रत्येकाचं कारण वेगळं, वागण्याची रीतही वेगळी. ते ओळखता आले तर तुमच्यासारखा कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, असूनही पळता येतं. म्हणून हे लांबलचक पत्र.

सगळ्यांत निरुपद्रवी म्हणजे बरगडीखालची चमक. ही बहुतेकदा उजव्या बाजूला येते, टोचल्यासारखी, बोट ठेवून दाखवता येईल अशी. तिचा तुमच्या आजाराशी संबंध नाही, धडधाकट माणसालाही ती येते. भरल्या पोटी किंवा फळांचा रस, गोड सरबत पिऊन लगेच पळालं की जास्त. ती आली की चालायला लागा, दुखऱ्या जागी दोन बोटं दाबून धरा, कमरेत किंचित पुढे झुका आणि ओठांचा चंबू करून श्वास सावकाश, पूर्ण बाहेर सोडा. बहुतेक वेळा काही मिनिटांत ती ओसरते. मग पुन्हा पळायला हरकत नाही.

दुसरा मुरडा. हा बेंबीखाली येतो, आणि तुमचा दाह मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात असल्यामुळे तुम्हाला डावीकडे जास्त जाणवेल. लाटेसारखा चढतो-उतरतो, शौचाची घाई होते, पोट साफ झालं की थांबतो. पळताना स्नायूंना आणि त्वचेला जादा रक्त लागतं, ते शरीर आतड्याकडून वळवून घेतं. जोरात पळताना आतड्याचा रक्तपुरवठा निम्म्याहूनही खाली जातो. त्यात ऊन असेल किंवा अंगात पाणी कमी असेल तर तो आणखी घटतो. वर प्रत्येक पावलाचा हादरा आहेच. आधीच नाजूक झालेलं आतडं मग तक्रार करतं.

म्हणूनच माझ्या मते खाण्यापिण्याच्या कुठल्याही नियमापेक्षा वेग महत्त्वाचा. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. आधी १० मिनिटं नुसतं चाला. मग १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं २० मिनिटं. हे आठवड्यातून ३ दिवस, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. दोन आठवडे पोट शांत राहिलं तर पळण्याचं १ मिनिट वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वेग, वेळ आणि खाणं एकदम बदललंत तर पोट कशाने बिघडलं ते कळणारच नाही.

मुरडा आला तर लगेच चाला. पाच मिनिटांत गेला नाही, तर त्या दिवसापुरतं पळणं संपलं. घरी या. एक लांब फेरी मारण्यापेक्षा घराभोवती छोट्या छोट्या फेऱ्या मारा, म्हणजे शौचालय कायम काही मिनिटांवर राहील. घाई होईल या धास्तीनेच पोट निम्मं आवळतं, ती धास्ती यामुळे जाते. कमरेच्या पिशवीत टिश्यू, ओले वाइप्स आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक जादा अंतर्वस्त्र ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही, कोलायटिस असलेले कितीतरी लोक हे घेऊनच बाहेर पडतात. पॅन्टचं इलॅस्टिक पोटावर वळ उठवत असेल तर ती पॅन्ट पळायला नको.

सकाळी उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून उठलं की बूट घालून निघायचं नाही. आधी पाणी प्या, शौचाला जाऊन या, त्यानंतरही अर्धा तास घरात थांबा आणि दुसऱ्यांदा जावं लागतंय का ते पाहा. चहा-कॉफी परत आल्यावर.

आता खाणं. पोटभर जेवण आणि पळणं यांत ३ ते ४ तास जाऊ द्या. सकाळी अगदी उपाशी पळवत नसेल तर तासभर आधी अर्धं ते एक पिकलं केळं किंवा पांढऱ्या ब्रेडचा एक स्लाइस पुरतो. आदल्या रात्री तळलेलं, कडधान्यं, कोबी-फ्लॉवर, कच्च्या भाज्या आणि सालीसकट फळं टाळा. आई, हे फक्त पळण्याच्या आदल्या रात्रीपुरतं. आजार शांत असताना एरवी डॉक्टरांनी बंद केलेलं नाही ते सगळं त्यांना खाऊ दे, नाहीतर वजन आणि ताकद दोन्ही उतरेल. दुधाने पोट फुगत असेल तर पळण्याआधी दूध नको. शुगर-फ्री गोळ्या आणि च्युइंगमही नको, त्यांतलं सॉर्बिटॉल आतड्यात पाणी ओढतं. एनर्जी जेलची तुम्हाला गरजच नाही.

पाणी निघण्याआधीच्या दोन तासांत थोडं थोडं करून ४०० मिलीच्या आसपास प्या, शेवटच्या क्षणी तांब्याभर नको. अर्ध्या तासाच्या पळण्याला साधं पाणी पुरतं. जुलाब होत असतील त्या दिवशी पळायचं नाही, ओआरएस घ्यायचं. १ लिटरचं पाकीट १ लिटरमध्येच कालवा. "थोडं स्ट्राँग" म्हणून अर्ध्या लिटरमध्ये केलं तर द्रावण दाट होतं आणि आतडं पाणी शोषण्याऐवजी बाहेर सोडतं, जुलाब वाढतात. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हेही डॉक्टरांना विचारून ठेवा. असेल तर जुलाबांत अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं.

आई, हे खास तुझ्यासाठी. तुझ्या गुडघ्याच्या गोळ्यांमधली एकही बाबांना द्यायची नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं आतड्याच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. त्यांनी कोलायटिस उफाळू शकतो, आणि अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. गुडघा दुखला तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. पोटदुखी दाबून पळण्यासाठी मात्र तेही नाही, कारण दुखणंच तर आपल्याला काहीतरी सांगत असतं. जुलाब थांबवायची लोपरामाइडची गोळीही मनाने घेऊ नका. दाह जोरात असताना तिने मोठं आतडं निपचित पडून फुगू शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

बाबा, पुढचा भाग दोनदा वाचा.

छातीच्या खालच्या खळगीत किंवा वरच्या पोटात दर वेळी श्रम केले की दुखतं आणि थांबलं की जातं, असं असेल तर त्याला चमक समजू नका. तुमच्या वयात ते हृदयाचं दुखणं असू शकतं. पळणं थांबवून आधी हृदयाची तपासणी. सोबत घाम, धाप, हात किंवा जबडा भरून येणं असेल आणि थांबूनही जात नसेल तर ताबडतोब रुग्णवाहिका.

पळून आल्यावर शौचात रक्त दिसलं तर, एकदाच दिसलं तरी, डॉक्टरांना कळवेपर्यंत पळायचं नाही. रक्त कोलायटिसचं असेल किंवा रक्तपुरवठा कमी पडल्याचं, ते घरी बसून ठरवता येत नाही. पोट सतत दुखतंय आणि वाढतंय, हात लावला तर कडक लागतंय, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर आहे, किंवा उलट्या होताहेत आणि वारासुद्धा सरत नाही, यांतलं काहीही झालं तर त्याच वेळी रुग्णालय गाठा. आणि रात्री झोपेतून उठवणारा मुरडा पळण्याचा नसतो. आजार जागा होत असल्याची ती खूण समजा.

पळण्यामुळे दुखतंय की दाह वाढतोय, हे सांगायला शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी उपयोगी पडते. आतड्यात दाह असला की हे प्रथिन शौचात वाढतं. आकडा ५० च्या आत असेल तर दाह असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर असेल तर बहुधा आजार जागा आहे. मधला आकडा आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात. दाह शांत असूनही अनेकांना मुरडे येत राहतात, म्हणून दुखलं की लगेच आजार परतला असं मानून घाबरू नका. सोबत हिमोग्लोबिन पाहून घ्या. पुरुषांत ते १३ च्या खाली असेल तर लवकर लागणारी धाप वयाची नसून रक्त कमी असल्याची असू शकते.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सध्या उतरवत आणलंय, ते ठरलेल्या क्रमानेच उतरवा. एकदम सोडलं तर अंगातली ताकदच जाते, प्रसंगी रक्तदाब कोसळतो. स्टेरॉइडने हाडं विरळ होतात, तेव्हा डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत नुसतं भरभर चाला, वर सांगितलेलं पळणं त्यानंतर. आतड्याचा दाह आटोक्यात ठेवणारं मेसालामाइन मात्र बरं वाटत असतानाही एक दिवस चुकवू नका.

आता एक वही करा. आदल्या रात्री काय खाल्लं, शौचाला किती वेळा, किती मिनिटं चाललात किंवा पळालात, दुखलं तर कुठे, दहापैकी किती आणि कशाने थांबलं, एवढंच रोज एका ओळीत. तीन आठवड्यांत काय सोसतं आणि काय नाही ते दिसायला लागेल, आणि डॉक्टरांनाही "पोट दुखतं" यापेक्षा जास्त काही सांगता येईल. आईने वही तपासत बसू नये, फक्त रक्त किंवा ताप लिहिलेला दिसला तर मला लगेच फोन करावा.

पहिल्या आठवड्याचं पान भरलं की फोटो पाठवा, आणि डेक्साची तारीख कधीची मिळाली तेही कळवा.

तुमची लेक