पोच्या कविता: कोणती प्रत घ्यावी, कशी वाचावी

प्रिय सतीश,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन कवी एडगर ॲलन पोच्या समग्र कविता घेतोयस हे वाचून फार आनंद झाला. दुकानात प्रत हातात घेतलीस की आधी ‘ॲनाबेल ली’ची शेवटची ओळ काढ. काही प्रतींत ‘साउंडिंग सी’ असतं, काहींत ‘साइड ऑफ द सी’. पो ७ ऑक्टोबर १८४९ ला गेला आणि ही कविता ९ तारखेला छापून आली. छपाईवर त्याची नजर फिरलीच नाही. असा पाठभेद टिपेत नोंदवणारी प्रत विश्वासाची. ‘अलोन’ आहे का तेही बघ. ती १८२९ ची, पण छापली गेली थेट १८७५ मध्ये, त्यामुळे नुसत्या जुन्या संग्रहावरून उतरवलेल्या प्रतीत ती सापडत नाही.

पो कविता लिहून मोकळा होणारा नव्हे. १८२७, १८२९, १८३१ आणि १८४५ असे त्याचे चार संग्रह, आणि तीच कविता दर वेळी बदललेली. ‘टू हेलन’मधली ग्रीस आणि रोमची प्रसिद्ध जोडओळ १८३१ च्या संग्रहात बरीच साधी आहे; आज सगळ्यांच्या तोंडी असलेलं रूप नंतरचं. म्हणून कवितेखाली साल हवंच. सगळे पाठभेद हवे असतील तर मॅबट या संपादकाची १९६९ ची हार्वर्डची आवृत्ती आहे, पण ती अभ्यासाची. पहिल्या वाचनाला नको.

पहिल्या पानापासून सुरुवात करू नकोस. ‘अल आराफ’ चारशेहून जास्त ओळींची आहे, भले भले तिथेच अडकतात. आधी पंधरा ओळींची ‘टू हेलन’, मग ‘अलोन’, मग ‘द रेवन’.

‘द रेवन’ मात्र मोठ्याने वाच. अठरा कडवी, प्रत्येकात सहा ओळी. टेबलावर हाताने ठेका धर: ‘वन्स अपॉन अ मिडनाइट ड्रिअरी’ला चार ठोके, उरलेल्या अर्ध्या ओळीला चार. ठोका पहिल्या अक्षरावर, दुसरं हलकं. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत सोळा अक्षरं; दुसरी, चौथी, पाचवी पंधराची, तिथे शेवटच्या ठोक्यानंतरची जागा रिकामी सोड. सहावी फक्त सातची.

आपली गडबड इथेच होते. सोळा म्हटलं की पादाकुलक, म्हणजे आपलं सोळा मात्रांचं वृत्त, कानात वाजायला लागतं, आपण दीर्घ अक्षरं लांबवतो, आणि दोन-तीन कडव्यांत त्याचं बडबडगीत होतं. इथे हिशेब मात्रांचा नाही, आघाताचा आहे. उपाय एकच: आतलं यमक धरायचं. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर ‘नॅपिंग’, शेवटी ‘टॅपिंग’, आणि लगेच चौथीच्या मध्यावर ‘रॅपिंग’. त्या तिन्ही जागी किंचित थांबलास की दारावरची टकटक आपोआप ऐकू येते. मला तर ही सगळ्या कवितेतली सर्वांत देखणी कारागिरी वाटते.

‘नेव्हरमोअर’ (‘पुन्हा कधीच नाही’) हा त्यातल्या डोमकावळ्याचा एकमेव शब्द आठव्या कडव्यात येतो आणि ते धरून शेवटपर्यंतची अकराही कडवी त्यावरच संपतात. एकाच घोगऱ्या आवाजात म्हणू नकोस. पहिल्यांदा ते निव्वळ नाव विचारल्यावर पक्ष्याने दिलेलं उत्तर आहे. पुढे त्याला प्रश्न विचारणारा माणूस उत्तर माहीत असूनही मुद्दाम जिव्हारी लागणारे प्रश्न विचारत जातो. आणि शेवटच्या कडव्यात तो शब्द पक्ष्याचा नाही, त्या माणसाचाच आहे. तिथे आवाज खाली आण, आणि ‘मोअर’मधला ओ पूर्ण लांबव.

‘द बेल्स’ त्यानंतरच घे. चांदी, सोनं, पितळ, लोखंड अशा चार घंटा, आणि प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा लांब. दम पुरवून ठेव.

तुझा,
अविनाश