दारा टोरेसचे रौप्यपदक आणि बाबांची वही

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर मी चाळिशीपुढच्यांच्या पोहण्याच्या स्पर्धेत नाव दिल्याचे सांगितले, तेव्हा आई, तू "गुडघ्याला जप" एवढेच म्हणालीस, आणि बाबा, तुम्ही बराच वेळ गप्प राहून "या वयात कोणाला काय दाखवायचे आहे?" असे विचारलेत आणि फोन आईच्या हातात दिलात. मला तेव्हा उत्तर सुचले नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. उत्तरासाठी मला एका अमेरिकन जलतरणपटूची हकीकत थोडी सविस्तर सांगावी लागेल. तिचे नाव दारा टोरेस.

१७ ऑगस्ट २००८ हा रविवार होता. बीजिंग ऑलिंपिकच्या जलतरणाच्या अंतिम फेऱ्या तिथे सकाळी होत असल्यामुळे आपल्याकडे साडेसातच्या सुमारास, पहिल्या चहाच्या वेळी, महिलांची ५० मीटर फ्रीस्टाइल दिसली. मी तेव्हा नोकरीला नवी होते आणि खोलीतल्या मैत्रिणी अजून झोपलेल्या होत्या, म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवून मी ती शर्यत पाहिली. टोरेस तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती आणि तिची मुलगी सव्वादोन वर्षांची. शेजारच्या एका लेनमध्ये ऑस्ट्रेलियाची केट कॅम्पबेल होती, सोळा वर्षांची, म्हणजे टोरेसच्या मुलीसारखीच म्हणायची. जर्मनीच्या ब्रिटा स्टेफनने २४.०६ सेकंदांत भिंतीला हात लावला आणि टोरेसने २४.०७ सेकंदांत. एका सेकंदाचे शंभर भाग केले, तर त्यातला एक भाग. नंतर टोरेस हसत म्हणाली होती की आदल्या रात्री नखे घासायला नको होती.

ही बाई अचानक कुठून उगवली असे तुम्हाला वाटेल, म्हणून मागचे सांगते. तिचे पहिले ऑलिंपिक १९८४ चे लॉस एंजेलिसचे, वय सतरा. महिलांची ५० मीटर फ्रीस्टाइल तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हतीच, ती १९८८ मध्ये सोलला आली. त्यामुळे जिचा खरा पिंड सर्वांत छोट्या अंतराचा, तिला त्या वर्षी रिले संघातूनच सुवर्ण मिळवावे लागले. १९८८ मध्ये सोल, १९९२ मध्ये बार्सिलोना, आणि मग तिने पोहणे सोडले. टीव्हीवर निवेदन केले, मॉडेलिंग केले, सात वर्षे स्पर्धेपासून दूर राहिली. तेहतिसाव्या वर्षी सिडनीला परतली तेव्हा तिने पाच पदके घेतली, त्यांपैकी तीन वैयक्तिक. तोपर्यंत तिला वैयक्तिक पदक एकही नव्हते. पुन्हा निवृत्ती. २००६ मध्ये मुलगी झाली आणि बाळंतपणानंतर तीन आठवड्यांतच ती मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या, स्पर्धेत उतरली. (आई, तू आता "वेडी आहे का ती?" म्हणशील. मीही म्हणाले होते.) २००७ च्या ऑगस्टमध्ये तिने अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि बीजिंगला ती पाचव्या ऑलिंपिकसाठी गेली.

बाबा, तुम्हाला यातला जो भाग आवडेल तो तिच्या सरावाचा आहे. तुमच्या शिस्तीत आम्ही रोज पहाटे टँकवर जायचो, आणि जास्त फेऱ्या म्हणजे जास्त ताकद हा तेव्हा सगळ्यांचाच समज होता. चाळिशीतल्या टोरेसने पोहण्याचे अंतर आपल्या तरुणपणाच्या निम्म्याहून कमी केले, कारण त्या वयात स्नायू थकतात तितक्याच सहज पूर्ववत होत नाहीत. त्याऐवजी तिने वजनांचा व्यायाम बदलला आणि दोन माणसे तिचे हातपाय ताणून धरत असताना तिने उलट जोर लावायचा, अशा प्रकारच्या ताणांवर रोज वेळ दिला. ५० मीटरमध्ये वळण नसते, दम राखून ठेवण्याचा प्रश्न नसतो आणि श्वासही एखाददुसराच घ्यायचा असतो. सूर, पाण्याखालची लाथ, हाताची पकड आणि शेवटचा टच, एवढ्यावरच सगळे ठरते, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टी वयाबरोबर बिघडण्याऐवजी घोटल्या जाऊ शकतात. अर्थात तिच्याकडे ताण देणारी माणसे होती, ताकदीचा स्वतंत्र प्रशिक्षक होता आणि मूल सांभाळायला बाई होती. माझ्याकडे सकाळी सहाची बॅच आणि सासूबाई आहेत. ही तुलना मी करत नाही.

तिच्यावर संशयही घेतला गेला. एकेचाळिसाव्या वर्षी कोणी तरुणपणापेक्षा वेगाने पोहायला लागले, तर लोक औषधाचे नाव घेणारच, आणि तसे घेण्यात काही चूक आहे असे मला वाटत नाही. तिने स्वतःहून जादा रक्त-लघवी तपासण्यांच्या कार्यक्रमात नाव घातले. शिवाय त्या वर्षी नव्या जातीचे पोशाख आले होते, ज्यांनी शरीर आवळले जाऊन पाण्याचा विरोध कमी होई. त्यांच्यामुळे विक्रम धडाधड पडले आणि २०१० पासून तसल्या पोशाखांवर बंदी आली. त्यामुळे १९८४ ची टोरेस आणि २००८ ची टोरेस यांच्या वेळा शेजारी ठेवून पाहणे पुरते न्यायाचे नाही. पण त्या दिवशी इतर सात जणींनाही तेच पोशाख उपलब्ध होते.

एक प्रसंग मी कधी विसरणार नाही. त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीआधी स्वीडनच्या थेरेसे अल्शामरचा पोशाख ऐन वेळी फाटला. टोरेसने स्वतः जाऊन पंचांना शर्यत थांबवायला सांगितले आणि बाकीच्या जणींनाही थांबायला सांगितले. अल्शामर ही पदकाची दावेदार होती, हे तिला माहीत नव्हते असे थोडेच आहे?

आता मूळ मुद्द्याकडे येते. ती २४.०७ ची वेळ सोन्यापासून एक शतांश सेकंद दूर होती, हे सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण ती टोरेसच्या आयुष्यातली ५० मीटरची सर्वांत वेगवान वेळ होती आणि अमेरिकेचा नवा राष्ट्रीय विक्रमही होता, हे फार थोड्यांना आठवते. ती जी शर्यत हरली, तीच तिची सर्वांत चांगली शर्यत होती. आणि तासाभराच्या आत ती पुन्हा पाण्यात उतरली, ४ x १०० मिश्र रिलेच्या (चौघींनी चार वेगळ्या प्रकारांत पोहायच्या रिलेच्या) शेवटच्या, फ्रीस्टाइलच्या टप्प्यासाठी, आणि तिने ते १०० मीटर ५२.२७ सेकंदांत कापले. तोपर्यंत कोणत्याही स्त्रीने रिलेत त्याहून वेगाने १०० मीटर फ्रीस्टाइल पोहून दाखवले नव्हते. अमेरिकेला तिथेही रौप्यच मिळाले. तिची एकूण बारा पदके आहेत: चार सुवर्ण, चार रौप्य, चार कांस्य. २०१२ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, ओमाहाच्या निवड चाचणीत ती चौथी आली आणि नऊ शतांश सेकंदांनी तिचे सहावे ऑलिंपिक हुकले.

बाबा, दिवाळीत माळ्यावरच्या ट्रंकेत तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही सापडली, हे मी तुम्हाला सांगितले नव्हते. इयत्ता पाचवीपासूनची माझी प्रत्येक वेळ तुमच्या बारीक अक्षरात त्यात आहे. पाऊस असेल तर "पाणी गार" आणि मी आजारी असेन तर "ताप होता" असे शेजारी लिहिलेले आहे. शेवटच्या पानावर २००१ ची ती निवड स्पर्धा आहे. तारीख आहे, "५० मी. फ्री" आहे, "तिसरी" असे लिहून त्याखाली रेघ मारलेली आहे, आणि वेळेच्या रकान्यात काहीच नाही.

दोघीच निवडल्या जाणार होत्या. परत येताना एसटीत तुम्ही इतकेच म्हणालात, "शेवटी मान वर केलीस." ते खरे होते. मी भिंत कुठे आहे ते पाहायला मान वर केली, हात लांबवण्याऐवजी एक आखूड हात मारला आणि बारा शतांश तिथे गेले. कृष्णेत पाठीला डबा बांधून शिकलेल्या माणसाला टच कसा करायचा हे पुस्तकात वाचून मला शिकवावे लागले होते, आणि नेमके तेच मी विसरले, याचे तुम्हाला किती वाईट वाटले असेल ते मला आता कळते. त्यानंतर मी टँकवर गेले नाही आणि तुम्हीही कधी विषय काढला नाहीत.

पण निकालाच्या कागदावर माझी वेळ ३०.४६ होती. तुमच्याच वहीतली त्याआधीची माझी सर्वांत चांगली वेळ ३०.९४ आहे. म्हणजे मान वर करूनही मी त्या दिवशी आयुष्यातले सर्वांत वेगवान पोहले होते, आणि हे मला स्वतःलाही दिवाळीपर्यंत माहीत नव्हते, कारण तिसरी आल्यावर आकड्याकडे पाहायचे मला सुचलेच नव्हते.

म्हणून कोणाला काय दाखवायचे आहे असे तुम्ही विचारलेत, तर मला तुम्हाला तो आकडा दाखवायचा आहे. आता माझी वेळ छत्तीस सेकंदांच्या वर आहे. तीस काही पुन्हा दिसणार नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नाही. स्पर्धा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आहे. शुक्रवारच्या गाडीची तिकिटे मी काढते. आई, तुझ्या गुडघ्यासाठी खालच्या बर्थचे बघते.

बाबा, वही मी तुमच्या टेबलाच्या उजव्या खणात ठेवून आले आहे. तेवढा तो रिकामा रकाना भरून ठेवा. स्टॉपवॉचही त्याच खणात आहे. त्यातला सेल मेला आहे, तो नवीन घालून घेऊन या.

तुमची लेक