तुम्ही आधी नाव विचारलंत

कुपवाडच्या आमच्या आशा सेविका ताईंना,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गेटवरचे वॉचमनदादा आता कायमचे गावी, नेपाळला चाललेत. परवा खोली आवरताना त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेच्या तळातून प्लास्टिकच्या पिशवीतला घडी घातलेला एक कागद काढून मला दाखवला. कोरोनाच्या लसीचं सर्टिफिकेट. म्हणाले, "बाई, इंडियात माझ्या नावाचा हा एकच कागद." कितीतरी दिवस मनात असलेलं हे पत्र मग लिहायलाच बसले. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

एप्रिल 2021 आठवतो ना? मागच्या खोल्यांत फाउंड्रीतली बिहार-ओडिशाची पोरं भाड्याने होती आणि गेटजवळच्या खोलीत वॉचमनदादा. चार दिवस ताप अंगावर काढत होते. मी त्यांना एका खासगी दवाखान्यात पाठवलं, तर काउंटरवरच आधार कार्ड मागितलं. नाही म्हटल्यावर आल्या पावली परत. त्यांच्याकडे नेपाळच्या नागरिकतेचा दाखला होता, पण तोही गावी, आईच्या पेटीत. खरं तर 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. ते काही चोरून राहत नव्हते. तरी त्यांना वाटायचं, नाव नोंदवलं की पोलीस येतील, खोली सील होईल, नाहीतर मी कामावरून काढीन. हे शेवटचं कळलं तेव्हा मला फार लागलं.

त्याच दुपारी तुम्ही सर्वेक्षणाला आलात. खोलीचं दार ते आतून उघडत नव्हते. तुम्ही दारातच उकिडव्या बसलात आणि विचारलंत, "दादा, नाव काय तुमचं?" आम्ही सगळी गल्ली त्यांना सहा वर्षं "बहादूर" म्हणत होतो. त्यांनी आतून खरं नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकलं, ताई. मग दार उघडलं.

तुम्ही ऑक्सिमीटर लावलात, आकडा 86 आला. तुम्हाला खात्री वाटली नसावी. त्यांची बोटं तुम्ही दोन्ही हातांत धरून चोळलीत, ऊब आणलीत, पुन्हा लावलंत. 86 च. तेव्हा माणसं एकमेकांच्या सावलीलाही भीत होती आणि तुमच्याकडे साधा मास्क आणि कापडी हातमोजे, एवढंच. फॉर्मवर आधारच्या रकान्यात तुम्ही आडवी रेघ मारलीत आणि मोबाईल नंबर लिहिलात तो स्वतःचा. 108 येईपर्यंत फाटकात उभ्या राहिलात. मिरजेच्या सिव्हिलमध्ये बेड मिळेपर्यंत किती फोन केलेत ते मी मोजले नाहीत. अकरा दिवसांनी दादा चालत घरी आले.

मी अठ्ठावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. राज्यघटनेच्या कलम 21 मध्ये "नागरिक" नाही, "व्यक्ती" असा शब्द आहे, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला पश्चिम बंगालमधल्या सरकारी दवाखान्यांनी एकामागून एक परत पाठवलं होतं. तातडीचे उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात सांगितलं. हेही मला माहीत होतं. पण त्या दिवशी काउंटरवर जाऊन हे बोलायचं मला सुचलं नाही. मी घरात बसून राहिले. तुम्ही कुठलं कलम सांगितलं नाहीत, माणूस दवाखान्यात पोचवलात.

लसीच्या वेळचं तर वेगळंच. कोविन पोर्टलला फोटो असलेलं ओळखपत्र हवं, शिवाय एका मोबाईल नंबरवर चौघांचीच नोंद. फाउंड्रीतल्या निम्म्या पोरांची कार्डं ठेकेदाराकडे अडकलेली, उरलेल्यांची गावाकडे. ओळखपत्र नसलेल्यांनाही लस द्यायची, जबाबदार माणसाच्या मार्फत त्यांची नोंद करायची, असं परिपत्रक केंद्राच्या आरोग्य खात्याने 6 मे 2021 ला काढलं होतं. ते किती जणांपर्यंत पोचलं? तुम्ही मात्र त्याची झेरॉक्स पिशवीत घेऊन फिरत होतात. खोल्याखोल्यांतून वहीत नावं उतरवलीत, रात्रपाळी करून झोपलेल्या पोरांना उठवलंत, आणि "कागद नाही" म्हणून मागे सरणाऱ्याला हाताला धरून रांगेत उभं केलंत.

आणि त्याच जूनमध्ये राज्यातल्या आशाताईंना मानधनासाठी संप करावा लागला. कोरोनाच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला हजार रुपये, एवढ्यात तुम्ही सगळ्यांच्या दारात मरण अंगावर घेत होतात. आदल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही गॅलरीतून टाळ्या वाजवल्या होत्या. तुमच्या मोर्च्यात मात्र आमच्या गल्लीतून एकही जण आला नाही. त्याबद्दल माफी मागते. ती आभाराआधीच मागायला हवी होती.

दादांना जाण्याआधी तुम्हाला भेटायचं आहे. तुमचा नंबर त्यांच्याकडे अजून आहे, पण फोन करायला लाजतात. बुधवारी रात्री मिरजेहून त्यांची गाडी आहे. त्याआधी सर्वेक्षणावरून परतताना गेटजवळ थांबलात तर बरं होईल. चहा मी करून ठेवते.

आपली,
गेटजवळच्या घरातल्या बाई